ग्रीक-रोमन लांबीची मापे मीटरमध्ये : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

काम सुरू. हेरोडोटस, स्ट्रेबो, प्लिनी हे प्राचीन ग्रीक-रोमन लेखक आणि 'पेरिप्लस' (तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे जुने ग्रीक वर्णन) यांतली अंतरे मराठी भाषांतराखाली मीटर-किलोमीटरमध्ये द्यायची आहेत. प्रत्येक अंतराला तक्त्यात एक ओळ. रकाने असे ठरले: ग्रंथ व परिच्छेद, मूळ आकडा, मूळ माप, बोटांत किती, कोणता फूट धरला, मीटर, आकडा किती ढोबळ, शेरा. मूळ आकडा आणि मूळ माप हे दोन रकाने कुलूपबंद. मीटरचा रकाना सूत्रानेच भरायचा, हाताने कधीच नाही.

ग्रीक साखळी आधी भरली, कारण ती हेरोडोटसने स्वतःच लिहून ठेवली आहे (२.१४९): शंभर ओर्गुइआ म्हणजे सहा प्लेथ्रोन म्हणजे एक स्तादिओन; ओर्गुइआ सहा फुटांचा किंवा चार हातांचा; फूट चार पालाइस्तेंचा, हात सहांचा. पालाइस्ते चार बोटांचा. म्हणून बोटांत:

पालाइस्ते ४, स्पिथामे १२, पूस (फूट) १६, पेखुस (हात) २४, ओर्गुइआ ९६, प्लेथ्रोन १,६००, स्तादिओन ९,६००.

ही गुणोत्तरे पक्की आहेत. अनिश्चित आहे ती एका बोटाची मिलिमीटरमधली लांबी, आणि ती गावागणिक बदलते. तक्त्याची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी करायची: आतली गुणोत्तरे पूर्णांकांत, आणि मीटरचा गुणक अगदी शेवटच्या पायरीला.

४ जून

रोमन साखळी, तीही बोटांत. पेस (फूट) १६ दिगितुस, पाल्मुस ४, कुबितुस २४, ग्रादुस ४०, पास्सुस ८०, दहा फुटी काठी १६०, आक्तुस १,९२०, रोमन मैल ८०,०००. प्लिनीने दिलेला रोमन स्तादिउम १२५ पास्सुस म्हणजे ६२५ फुटांचा. बोटांत तो बरोबर १०,००० भरतो.

दुपारी एक अडचण निघाली. रोमन फुटाचे १६ दिगितुस होतात तसेच १२ उन्कियाही होतात. उन्किया म्हणजे १⅓ बोट. पूर्णांकांची साखळी तिथे तुटते. बोटाऐवजी फुटाचा अठ्ठेचाळिसावा भाग मूळ धरला: बोट ३ भाग, उन्किया ४ भाग, फूट ४८ भाग. सगळ्या ओळींचे सूत्र बदलले.

भाषांतरात याच जागी घोटाळा होतो. दिगितुस १८.५ मिमी आणि उन्किया २४.७ मिमी. जुन्या भाषांतरांत दोन्हीला 'इंच' म्हटलेले सापडते. नळाचा व्यास, खिळ्याची लांबी, भिंतीतला विटेचा थर अशा बारीक मापांत ही तफावत ३३ टक्क्यांची होते. मूळ शब्द पाहिल्याशिवाय अशी ओळ भरायची नाही.

५ जून

मराठी शब्द ठरवले. दाक्तुलोस, दिगितुस: बोट. स्पिथामे: वीत. पेखुस, कुबितुस: हात. ओर्गुइआ म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर. कोकणात पाण्याची खोली ज्या वावांत मोजतात तीच वाव. 'फॅदम' लिहिण्यापेक्षा हा शब्द शंभर पटींनी बरा, वाचकाला तो अंगावर मोजून पाहता येतो.

आपल्याकडची साखळी शेजारी ठेवली तर जुळणी डोळ्यांत भरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात १२ अंगुळांची वितस्ति, २४ अंगुळांची अरत्नि, चार अरत्नींचा म्हणजे ९६ अंगुळांचा दंड. ग्रीक साखळीतही १२, २४, ९६. गुणोत्तर सारखे म्हणून लांबी सारखी, असे मात्र धरायचे नाही. दोन्हीकडे शरीरच मोजपट्टी होते, एवढाच त्याचा अर्थ.

'फूट' या शब्दाला प्रत्येक वेळी विशेषण लावायचे: रोमन फूट, ऑलिंपियाचा फूट. नुसता 'फूट' वाचला की वाचक ३०.४८ सेंमी धरतो. दर मैलामागे ही चूक ४४ मीटरची होते.

पास्सुसला 'पाऊल' म्हणायचे नाही. पास्सुस म्हणजे उजवा पाय टेकल्यापासून तोच उजवा पाय पुन्हा टेकेपर्यंतचे अंतर, पाच फूट, १.४८ मी. एक पाऊल म्हणजे ग्रादुस, अडीच फूट. 'मिल्ले पास्सुस'चे भाषांतर 'हजार पावले' केले की मैल निम्मा होतो. 'हजार दुपावली' असा शब्द घेतला. कानाला नवा वाटेल, पण हिशेब चुकणार नाही.

९ जून

आजचा दिवस फुटांच्या गुणकांत गेला. रोमन फूट २९६ मिमी धरला. घडीच्या काशाच्या मोजपट्ट्या मिळाल्या आहेत, मध्ये बिजागरी आणि उघडल्यावर पट्टी ताठ राहावी म्हणून एका बाजूला अडकवायची कडी. त्या २९६च्या अलीकडे-पलीकडे एक-दोन मिलिमीटर भरतात. बिजागरीतली ढील आणि टोकांची झीज यातच तेवढा फरक येतो. पट्टीवरून दशांशाच्या पुढचे आकडे काढण्यात अर्थ नाही.

या फुटाला पेस मोनेतालिस म्हणत, कारण त्याचे प्रमाण रोममध्ये युनो मोनेताच्या देवळात होते. भूमापनावर लिहिणारा हिगिनुस आणखी दोन फूट सांगतो: किरेनेतला टॉलेमीचा फूट, रोमन फुटापेक्षा एक चोविसांशाने मोठा, आणि जर्मानियात तुंग्री लोकांकडचा द्रुसुसचा फूट, एक अष्टमांशाने मोठा. म्हणजे ३०८.३ आणि ३३३ मिमी. हे तिन्ही गुणक तक्त्यात गेले.

आता स्तादिओन. रोमन मैलात आठ स्तादिओन, हा सर्वसाधारण हिशेब. ८ × ६०० = ४,८०० ग्रीक फूट बरोबर ५,००० रोमन फूट. म्हणजे ग्रीक फूट रोमन फुटाच्या २५/२४ पट, ३०८.३ मिमी, आणि स्तादिओन १८५ मी. हिगिनुसचा एक चोविसांश आणि हा २५/२४ एकच आहेत.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस मात्र मैलात आठ अधिक एक तृतीयांश स्तादिओन धरतो. ८⅓ × ६०० = ५,०००. इथे ग्रीक फूट आणि रोमन फूट एकच, आणि स्तादिओन १७७.६ मी. ८ आणि ८⅓ हे एकाच गोष्टीचे ढोबळ आणि नेमके आकडे आहेत असे समजणे ही या विषयातली सगळ्यात महागडी चूक आहे. ते दोन वेगळ्या फुटांवरचे दोन हिशेब आहेत.

पडताळ्यासाठी व्हिया एग्नातिया हा रोमन रस्ता घेतला. स्ट्रेबो (७.७.४) म्हणतो, रस्ता ५३५ मैल, आठने गुणले तर ४,२८० स्तादिओन, पॉलिबियसप्रमाणे आणखी १७८.

५३५ × १.४८ = ७९१.८ किमी
४,२८० × १८५ = ७९१.८ किमी
४,४५८ × १७७.६ = ७९१.७ किमी

तिन्ही वाटांनी एकच रस्ता. आता गुणक अदलाबदल करून पाहिले: ४,२८० × १७७.६ = ७६०.१ किमी, ४,४५८ × १८५ = ८२४.७ किमी. एकाच रस्त्यात जवळपास ६५ किलोमीटरची तफावत, आणि गुणाकार दोन्हीकडे बिनचूक. 'कोणता फूट धरला' हा रकाना रिकामा असेल तर तक्ता मीटर दाखवणारच नाही, अशी अट सूत्रात घातली.

१२ जून

धावण्याची मैदाने. स्तादिओन हे मैदानाचेही नाव आणि मापाचेही. आरंभरेषा आणि शेवटची रेषा दगडी उंबऱ्यांच्या रूपात शिल्लक आहेत, त्यामुळे ६००ने भागले की तिथला फूट मिळतो. ऑलिंपिया १९२.२७ मी., फूट ३२०.५ मिमी. एपिडॉरस सुमारे १८१.३ मी., फूट ३०२ मिमी. डेल्फी सुमारे १७७.५ मी., फूट २९६ मिमी.

उंबऱ्यावर धावपटूंच्या पायांसाठी दोन समांतर चर असतात. कोणत्या चरापासून मोजले ते लिहिलेले नसेल तर सेंटिमीटरचे आकडे घ्यायचे नाहीत. डेल्फीचा आकडा पॉलिबियसच्या हिशेबाशी जुळतो म्हणून पॉलिबियस डेल्फीचा फूट वापरत होता, असा निष्कर्षही काढायचा नाही. पॉलिबियसचा १७७.६ हा आकडा रोमन मैलावरून उलट काढलेला आहे.

अथेन्सजवळच्या सालामिस बेटावर १९८५ साली सापडलेल्या कोरीव पाटीची मापे त्याच पानावर घेतली. ती बांधकामाच्या कामाची पाटी: पसरलेला हात, वीत, पाऊल आणि मोजपट्टी दगडात उठावाने कोरलेली. हात ४८७ मिमी, वीत २४२, पट्टी ३२२, उमटवलेले पाऊल ३०१. वीत दुप्पट केली तर ४८४, पट्टी दीडपट केली तर ४८३. हाताशी तीन-चार मिलिमीटरचे अंतर राहते. उठावाची कड गोलसर असते, तेवढे चालायचेच. लक्ष वेधते ते पाऊल: त्याच पाटीवर ३२२ची पट्टी आणि ३०१चे पाऊल शेजारी आहेत. एका बेटावर, एका काळात, दोन फूट वापरात. 'अथेन्सचा फूट' अशी एकच ओळ तक्त्यात होती ती काढली.

१६ जून

अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळावरून फूट काढता येतो का, हा प्रश्न. वरच्या पायरीची मापे ३०.८८ × ६९.५० मी. रुंदी १०० फूट धरली तर फूट ३०८.८ मिमी, त्याच फुटाने लांबी २२५. दोन्ही आकडे पूर्ण आले म्हणून हा जोरदार पुरावा, असे मांडले जाते. नीट पाहिले तर पुरावा एकच आहे. रुंदी-लांबीचे प्रमाण ४:९ असल्यामुळे रुंदी १०० झाली की लांबी आपोआप २२५ होते. दुसरा आकडा काहीच नवे सांगत नाही. ३०८.८ हा आकडा शेऱ्यात राहू दे, गुणकांच्या यादीत नको.

इमारतीवरून फूट काढताना नियम: निदान तीन मापे अशी हवीत की ती एकमेकांच्या पटीत नाहीत, आणि प्रत्येक माप नक्की कुठून कुठपर्यंत ते माहीत हवे. भिंतीची कड की खांबाचा मध्य, एवढ्यावरून फूट कितीतरी मिलिमीटरने सरकतो.

१८ जून

क्षेत्रफळ. युगेरुम हे जमिनीचे रोमन माप २४० × १२० रोमन फूट, २८,८०० चौरस फूट, ०.२९६च्या वर्गाने २,५२३ चौ.मी. गुंठ्यात २४.९. रोमन शेतकऱ्याची जमीन दहा युगेरुम म्हटली की इथल्या वाचकाला सव्वासहा एकरांच्या थोडी आत एवढे लगेच कळते, म्हणून गुंठ्याचा रकाना वाढवला. नावही जवळचे आहे: युगेरुम हा शब्द 'युगुम'शी जोडलेला, आणि युगुम म्हणजे बैलांचे जू. आपले जू संस्कृत 'युग'वरून आलेले, तिथलेच सख्खे नाते. बैलजोडीने दिवसभरात नांगरून होईल तेवढी जमीन, असे प्लिनी सांगतो.

क्षेत्रफळात चूक दुप्पट होते. ०.२९६ऐवजी ०.३ धरला तर लांबीत १.३५ टक्के, युगेरुममध्ये ६९ चौ.मी., जवळपास पाऊण गुंठा.

रोमन फूट पडताळायची सगळ्यात चांगली जागा इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात, व्हिया एमिलिया या रोमन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. वसाहतींसाठी आखलेले चौकोन तिथे अजून रस्ते, चर आणि बांधांच्या रूपात दिसतात. एक बाजू २० आक्तुस, २,४०० फूट, ७१०.४ मी. एकच चौकोन मोजू नये. रस्त्याची रुंदी आणि बांधाची सरक यातच पाच-सात मीटर जातात. सलग दहा चौकोन मोजायचे, आरंभी आणि शेवटी रस्त्याची तीच कड धरायची. अपेक्षित ७,१०४ मी. तीच पाच मीटरची चूक दहात वाटली गेली की फुटामागे ०.२ मिमीवर येते.

२३ जून

सामोस या ग्रीक बेटावरचा बोगदा. ही ओळ तीन वेळा भरली आणि तीन वेळा पुसली.

हेरोडोटस (३.६०) म्हणतो: डोंगर १५० वाव उंच, त्याखालून खणलेला बोगदा सात स्तादिओन लांब, आठ फूट उंच, आठ फूट रुंद, त्याच्या आत पाण्याचा चर वीस हात खोल आणि तीन फूट रुंद. युपालिनोसने दोन्ही तोंडांकडून खणत आणलेला हा बोगदा आजही चालत पाहता येतो. लांबी १,०३६ मी., आडवा छेद सुमारे १.८ × १.८ मी.

१८५ने: ७ × १८५ = १,२९५ मी. प्रत्यक्षापेक्षा २५९ मी. जास्त.

मग स्थानिक माप लावून पाहिले. हेरोडोटस दुसरीकडे (२.१६८) सांगतो की सामोसचा हात इजिप्तच्या हाताएवढा असतो. इजिप्तचा हात सुमारे ५२५ मिमी, त्याचा फूट ३५०, स्तादिओन २१०. सात स्तादिओन १,४७० मी. उत्तर आणखी बिघडले.

उलट बाजूने गेलो तर १,०३६ ÷ ७ = १४८ मी. म्हणजे फूट २४७ मिमी. उंचीवरून पाहावे तर १.८ ÷ ८ = २२५ मिमी. दोन्ही एकमेकांशीही जुळत नाहीत, आणि एवढ्या लहान फुटाची पट्टी किंवा मैदान ग्रीसमध्ये कुठे नाही.

मूळ आकडाच ढोबळ आहे, फुटाचा यात दोष नाही. ओळीत १,२९५ मी. ठेवले, 'ढोबळ'च्या रकान्यात 'फार', आणि शेऱ्यात मोजलेली लांबी. लेखकाचा आकडा प्रत्यक्षाशी जुळावा म्हणून त्यातून नवा फूट घडवायचा नाही, हा नियम तक्त्याच्या पहिल्याच पानावर टाकला.

याच सत्रात राजहाताची ओळ भरली. हेरोडोटस (१.१७८): राजहात साध्या हातापेक्षा तीन बोटांनी मोठा. २७ बोटे × १९.२७ मिमी = ५२० मिमी.

२७ जून

एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सावलीवरून काढलेला पृथ्वीचा परीघ: २,५२,००० स्तादिओन. १८५ने ४६,६२० किमी, काही अभ्यासक धरतात त्या १५७.५ मी.च्या स्तादिओनने ३९,६९० किमी. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे ४०,००८. १५७.५ लोकप्रिय का झाला ते यातच दिसते.

तो आकडा आला कुठून ते तपासले. प्लिनी (१२.५३) म्हणतो, एराटोस्थेनिसच्या हिशेबाने एक स्खोइनोस (लांब अंतराचे माप) ४० स्तादिओनचा. एकोणिसाव्या शतकात हुल्च या अभ्यासकाने स्खोइनोस इजिप्तच्या १२,००० राजहातांचा धरला: १२,००० × ०.५२५ = ६,३०० मी.; ४०ने भागून १५७.५. पण प्लिनीच्या त्याच वाक्यात पुढे आहे: 'म्हणजे पाच मैल'. ४० स्तादिओन पाच मैल, मैलात आठ, स्तादिओन १८५. त्याच वाक्यात असेही आहे की दुसरे काही जण स्खोइनोस ३२ स्तादिओनचा धरतात. वाक्याचा पहिला तुकडा घ्यायचा आणि दुसरा सोडायचा, हे बरोबर नाही.

तक्त्यात १८५ आणि ४६,६२० किमी. उत्तर खऱ्या परीघापेक्षा सुमारे साडेसोळा टक्के मोठे येते, आणि तसेच राहू दिले. सावलीवरून केलेल्या त्या मोजणीचे मोल गुणक बदलून वाढवावे लागत नाही.

१ जुलै

'पेरिप्लस'. पहिल्याच परिच्छेदात म्युओस होर्मोसहून बेरेनिकेला १,८०० स्तादिओन. पहिले बंदर आजच्या कुसैर अल-कादीमला, दुसरे त्याच्या दक्षिणेला तांबड्या समुद्रावरच. सरळ रेषेत सुमारे २८० किमी. १८५ने ३३३, १५७.५ने २८३.५.

इथे पुन्हा १५७.५चा मोह होतो. पण जहाज सरळ रेषेत जात नाही. तिथला किनारा प्रवाळांच्या खडकांनी भरलेला, नावाडी बाहेरून वळसा घेत जातो, आणि स्तादिओनचा आकडा पाण्यावर कोणी दोरीने मोजलेला नसतो. दिवसांवरून काढलेला असतो. समुद्रातल्या अंतरावरून स्तादिओनची लांबी ठरवायची नाही. शिवाय १,८०० हा शंभरांत गोळा केलेला आकडा, म्हणजे ५० स्तादिओन अलीकडे-पलीकडे, नऊ किलोमीटर. छापायला '३३३ किमी' नको, 'सुमारे ३३० किमी'.

बारिगाझाच्या, म्हणजे भरुचच्या वाटेवर ओलांडायचे आखात ३०० स्तादिओन रुंद: सुमारे ५५ किमी. तिंडिसहून मुझिरिसला ५०० स्तादिओन: सुमारे ९० किमी. दोन्ही ओळींत धरलेला फूट ३०८.३, 'ढोबळ'मध्ये 'शंभरांत'.

४ जुलै

महाराष्ट्राच्या ओळी. परिच्छेद ५१: बारिगाझाहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर.

पहिल्या मसुद्यात इथे किलोमीटर भरलेले होते. हेरोडोटसने सार्दिस ते सुसा या रस्त्याला दिवसाला १५० स्तादिओन धरले आहेत (५.५३), त्यावरून २० × २७.७५ = ५५५ किमी. भरुच ते पैठण सरळ अंतर सुमारे ३५० किमी, पैठण ते तेर सुमारे १५० किमी. म्हणजे दिवसाला सरळ रेषेत साडेसतरा आणि पंधरा किलोमीटर. हेरोडोटसचा दर राजमार्गावरचा आहे. इथे सह्याद्रीचा घाट चढायचा. आणि वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून पैठण-तेरचा माल गाड्यांवरून भरुचला उतरतो, असे तोच ग्रंथ सांगतो. लादलेल्या बैलगाडीला हा वेग अगदी योग्य आहे.

दोन्ही टप्प्यांचा वेग एकमेकांच्या इतका जवळ येतो, याचे मोल मोठे आहे. लेखकाला ही वाट माहीत असलेल्या माणसांकडून कळली होती. दिशा मात्र ढोबळ: तेर पैठणच्या आग्नेयेला आहे.

दुरुस्ती केली. दोन्ही ओळींत मूळ माप 'दिवस', बोटांचा रकाना रिकामा, फुटाचा रकाना रिकामा, म्हणून मीटरचा रकानाही रिकामा. शेऱ्यात आजचे सरळ अंतर. ५५५ पुसले.